राग न मानणारे दाजी

कोल्हापुरात माणूस तांबड्या रश्श्याबद्दल जे बोलतो ते कोर्टात टिकेल इतकं नेमकं असतं. मीठ कमी, खोबरं नीट भाजलेलं नाही, मटण बकऱ्याचंच खरं पण बकरा वयस्कर, हे सगळं तो पहिल्या घासाला सांगतो आणि करणाऱ्या माउलीसमोर सांगतो. त्याच माणसापुढं चित्र धरा. 'एक नंबर' म्हणेल, 'नाद खुळा' म्हणेल, फारच भिडस्त असला तर दोन्ही म्हणेल आणि चहाचं काय झालं ते विचारेल. आमच्या दाजींचं दुःख ते हेच. त्यांना चित्राबद्दल रश्श्यासारखं बोलणारा माणूस हवा आहे. आणि असा माणूस भेटला की त्यांचं त्याच्याशी बिनसतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. नोकरीच्या सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर कालवे काढले, पुढं तेच कालवे ऑटोकॅडवर काढले. शाळेत एलिमेंटरीला 'ए' ग्रेड मिळाली होती आणि इंटरमिजिएटला 'बी'. या 'बी'चा विषय निघाला की जेवण लांबतं. स्मरणचित्रात त्यांनी पावसातला बाजार काढला होता आणि परीक्षकाला पाऊस कळलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. 'अहो, छत्र्या होत्या की!' असं ते अजून कळवळून सांगतात. मग जे. जे.ला जायचं राहिलं, डिप्लोमा झाला, नोकरी लागली, लग्न झालं आणि चित्रकला त्या प्रमाणपत्राबरोबर ट्रंकेत गेली.

ती बाहेर आली भाचीमुळं. तिचा जुना पेन टॅबलेट घरात धूळ खात होता. हात टेबलावर फिरवायचा आणि रेघ समोरच्या स्क्रीनवर उमटायची, ही व्यवस्था दाजींच्या मनाला पटायला अख्खा पावसाळा गेला. पटली तेव्हा त्यांनी स्वतःचं स्वतःलाच बक्षीस म्हणून आयपॅड घेतला, त्याची पेन्सिल घेतली आणि प्रोक्रिएट घेतलं. आता रेघ जिथं ओढली तिथंच उमटू लागली. दोन बोटं काचेवर टेकवली की चूक नाहीशी. प्रोक्रिएट अडीचशे पावलं मागं नेतं. दाजींना ती पुरत नाहीत.

चित्र दाखवण्याचा विधी ठरलेला आहे. आधी आयपॅडची काच बनियनच्या टोकानं पुसायची. ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवायचा. खोलीतली ट्यूब बंद करायची, कारण काचेत तिचं प्रतिबिंब पडतं. समोरच्यानं चष्मा लावलाय याची खात्री करायची. मग आयपॅड त्याच्या हातात न देता, स्वतःच्याच दोन्ही हातांत धरून, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर आणायचा आणि म्हणायचं, 'पाव्हणं, एकदम प्रामाणिकपणे सांगायचं. राग मानणाऱ्यांतला मी नाही.'

हे ऐकल्यावर आपण खरोखरच चित्र बघायला लागतो. तेवढ्यात दाजी सुरू होतात. 'डावा हात अजून व्हायचाय. मागचं आभाळ तात्पुरतं आहे. हा रंग असा नाही, तुमच्या बाजूनं तसा दिसतोय. सावलीचा लेयर बंद आहे, थांबा, चालू करतो.' लेयर चालू होतो. काही फरक पडत नाही. 'आता बघा.' आपण तोंड उघडतो. 'काम चालू आहे हं अजून!' आपण तोंड मिटतो. 'हां, बोला की. गप्प का?'

गप्प बसणं हा दाजींच्या लेखी सगळ्यात वाईट अभिप्राय. त्याच्या एक पायरी वर 'छान आहे'. तसं म्हटलं की ते विचारतात, 'छान म्हणजे काय?' याला उत्तर नसतं. स्तुती न बघताही करता येते, खोड काढायला बघावं लागतं, आणि दाजी चिडतात खोडीवर पण मागं लागलेले असतात त्या बघण्याच्या, असं माझं मत आहे. माझ्या आईला मात्र 'छान म्हणजे काय'ची अडचण कधी आली नाही. जावयाच्या चित्राला नावं ठेवणं तिच्या धर्मात बसत नाही. आयपॅड दिसला की ती लांबूनच हात जोडते आणि 'साक्षात आहेत हो' म्हणते. एकदा चित्र गंगावेशीतल्या म्हशींचं होतं.

हात जोडण्यावरून सांगतो, हौशी चित्रकार नव्या टॅबवर पहिल्यांदा गणपतीच का काढतो, याचं कारण निव्वळ भक्ती नव्हे. गणपतीत प्रमाणाची चूक कोण काढणार? पोट सुटलं तर शोभतं. मान साधली नाही तर ती सोंडेमागं गेली असं समजतात. शिवाय बघणारा नजर टाकायच्या आधी नमस्कार करतो, आणि नमस्कार करून झाल्यावर टीका करता येत नाही. दाजींनी काही गणेशोत्सव असे निर्धास्त काढले. मग धीर चेपला आणि त्यांनी महाराज काढायला घेतले. महाराजांपुढंही हात जुळतातच. पण महाराज घोड्यावर बसतात, आणि घोड्याला कुणी नमस्कार करत नाही.

घोड्याकडं येण्याआधी ताईबद्दल बोललं पाहिजे. ती दाजींची सगळ्यात जुनी समीक्षक. आयपॅड हातात घेत नाही, चष्मा लावत नाही. कणीक मळता मळता मान वळवते, एक वाक्य बोलते आणि परत परातीकडं बघते. 'डावा डोळा खाली आलाय.' 'बाईला मान नाही.' दाजींनी मावळ्यांचा घोळका दाखवला तेव्हा मात्र ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'सगळ्यांनी हात कुठं घातलेत?'

खरंच होतं. एकाचे हात पाठीमागं, दोघांचे घोंगडीत, एकजण ढालीआड, एकजण बाभळीआड. हाताचा पंजा काढणं अवघड, म्हणून जगभरचे नवशिके माणसांचे हात खिशात घालतात. मावळ्याला खिसा नव्हता, म्हणून घोंगडी आली.

'लढणार कशानं ते?' ताईनं विचारलं आणि कणकेला तेल लावलं.

'हिला कलेतलं काय कळतं,' असं दाजी मला जिन्यात म्हणाले. हळू म्हणाले, पण त्या घराच्या जिन्यात आवाज घुमतो.

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर, संध्यामठ दिसेल अशा बाजूला, दाजींसारखे सात-आठ जण जमतात. पूर्वी या गावात असे लोक कागद, पाण्याची बाटली आणि कॅमलचे रंग घेऊन बसायचे, आता टॅब आणि पॉवरबँक घेऊन बसतात. ऊन चढलं की काचेवर काही दिसेनासं होतं. मग त्या सक्तीच्या विश्रांतीत, छत्री डोक्यावर धरून, एकमेकांची चित्रं बघण्याचा कार्यक्रम होतो. आबालाल रहिमान याच गावचे. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं तळ्यात सोडून दिली अशी दंतकथा इथं सांगतात. दाजीही सांगतात. सांगताना पाण्याकडं बघतात आणि आयपॅड जरा घट्ट धरतात.

या कंपूत एक बँकेतला कॅशियर आहे, तो फक्त डोळा काढतो. एकच. पापणीचा केस न् केस, बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब, खाली टपोरा अश्रू. दुसरा डोळा कधी, असं त्याला कुणी विचारत नाही, कारण दोन डोळे सारखे काढताना काय होतं ते प्रत्येकानं भोगलेलं आहे. एक कॉलेजातली पोरगी आहे, ती ड्रॅगन काढते. आणि पेंटरमामा आहेत.

मामांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि थिएटरवरचे बॅनर रंगवले. गावच मुळात पेंटरांचं. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा जुळवला आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. पुढं फ्लेक्स आलं आणि मामांचं काम बसलं. मुलानं टॅब घेऊन दिला, तेव्हा ज्या यंत्रानं पोटावर पाय दिला तेच मामांनी मांडीवर घेतलं. त्यांना लेयर मान्य नाहीत. बॅनरला कुठं लेयर होते, असं म्हणून ते सगळं एकाच थरात रंगवतात आणि दोन बोटं टेकवून मागं जात नाहीत. बोलणंही तसंच. दाजींचा घोडा त्यांनी बराच वेळ बघितला, तंबाखू मळली आणि म्हणाले, 'मागचं पाय गाढवाचं झाल्यात.'

दाजी हसले. राग आला की ते आधी हसतात. 'मामा, ती माझी स्टाइल आहे.'

'असूंदे की. खरं गाढवाची हाय.'

वातावरण निवळावं म्हणून पोरीनं फोनवर मायब्रिजचे फोटो काढून दाखवले. या गृहस्थानं १८७८ साली अमेरिकेत ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले. तेव्हा सिद्ध झालं, की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, पुढं-मागं ताणलेले असताना नव्हे. तोवर मोठमोठे चित्रकार ताणलेले पाय काढत आले होते.

'म्हणजे १८७८च्या आधीचे सगळे चुकले?' दाजींनी विचारलं.

'हो काका.'

'मग मी त्यांच्यात आहे,' दाजी म्हणाले आणि मिसळ खायला चला म्हणून उठले.

ही झाली घेण्याची तऱ्हा. देण्याची बाजू याहून जोरकस. दुसऱ्याचं चित्र पुढं आलं की दाजींमधला शाखा अभियंता जागा होतो. डोळे बारीक, मान तिरकी. 'आधी फ्लिप करा.' चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं की सरावानं न दिसणाऱ्या चुका दिसायला लागतात, ही जुनी युक्ती आहे. लिओनार्दोनंही चित्रकारांना आरशात बघायला सांगून ठेवलंय. दाजी स्वतःची चित्रं फ्लिप करत नाहीत. 'आता ब्लॅक अँड व्हाइट करा. व्हॅल्यू बघा, व्हॅल्यू! सगळं करडं झालंय.' खात्यात शासन निर्णयाचा क्रमांक तोंडपाठ सांगायची सवय, इथं ते अँड्रू लूमिसच्या १९४३ सालच्या पुस्तकाचं पान सांगतात. मग 'बघू जरा' म्हणून समोरच्याचं पेन घेतात. 'चालेल ना?' असं विचारतात खरे, पण तोवर नवा लेयर उघडून लाल रंग निवडून झालेला असतो. नकाशे तपासायची लाल पेन्सिल वर्षानुवर्षं हातात असल्यावर दुसरं काय होणार? त्या लेयरला ते 'सूचना' असं नावही देतात.

पोरीच्या ड्रॅगनवर त्यांनी पंखाच्या मुळाशी बाण काढले. 'हा पंख कुठल्या हाडाला जोडलाय? आणि एवढ्या धडाला एवढासा पंख? पेलणार नाही. वजन किती धरलंय?'

'काका, ड्रॅगन आहे तो.'

'असू दे. ड्रॅगनलाही सांगाडा असतो.'

मामांनी बाजूला जाऊन तंबाखू थुंकली आणि परत येऊन एवढंच विचारलं, 'आणि घोड्याला?'

पोरगी चांगली आहे. 'बघतो काका, करून,' म्हणाली आणि घरी जाऊन 'सूचना' लेयरपुढची खूण काढून टाकली. एका टिचकीसरशी दाजी अदृश्य. हा या माध्यमाचा मोठाच उपकार. आमचे ड्रॉइंगचे मास्तर आमच्याच कागदावर फोर-बी पेन्सिलनं ठसठशीत रेघ ओढायचे. खोडली तरी कागदात खड्डा राहायचा, वर रंग दिला तर खड्ड्यात साचायचा, आणि मास्तरांचं म्हणणं त्या चित्रात कायमचं वस्तीला राहायचं. फोटोशॉपमध्ये लेयर आले तेसुद्धा १९९४ साली. तोवर तिथं मारलेला फराटाही खालच्या चित्रात मुरायचा. असो. पुढच्या रविवारी ड्रॅगन परत आला तेव्हा त्याचे पंख चांगले थोरले झालेले होते. कुणी काही बोललं नाही. दाजींनी तिच्या मिसळीत जादा कट वाढायला सांगितला.

मग एआयचं प्रकरण झालं. कार्यालयातल्या एका नव्या पोरानं महाराजांचं चित्र बघून म्हटलं, 'साहेब, एआयनं केलंय वाटतं.' ही स्तुती की शिवी, हे दाजींना ठरवता येईना. भारी झालंय म्हणून म्हणाला, की निर्जीव झालंय म्हणून? रात्री ताईला उठवून त्यांनी तिचं मत घेतलं. ती म्हणाली, 'एआयला बोटं मोजता येत नाहीत म्हणतात. तुम्ही तर हातच काढत नाही. ओळखायचं कसं?'

शेवटी दाजींनी पुरावा द्यायचं ठरवलं. आपण काढत असताना प्रोक्रिएट गुपचूप एकेका रेघेची नोंद ठेवत असतं आणि मागितली की तिची फिल्म करून देतं. महिन्याचं काम काही मिनिटांत डोळ्यांपुढून जातं. दाजींनी ती फिल्म घरच्या टीव्हीवर लावली. आम्ही सगळे होतो. आईनं आधीच हात जोडले होते. 'बघा,' दाजी म्हणाले, 'एकेक रेघ माझी आहे.'

होतीच. पण सोबत आणखीही बरंच दिसलं. ताईनं कणीक मळताना खाली आलाय म्हणून सांगितलेला डोळा वर गेला, लगेच खाली आला, आणि बरंच रान रंगवून झाल्यावर कुणाचं लक्ष नाही असं बघून परत वर जाऊन तिथंच राहिला. स्टाइल म्हणून राखलेले घोड्याचे मागचे पाय गेले, आले, आखडले, लांबले आणि शेवटी पोटाखाली गोळा झाले, १८७८ सालच्या फोटोत होते तसे. पुढच्या मावळ्याचं नाक जरा लांब आहे का, असं मी कधीकाळी भीतभीत विचारलं होतं आणि त्यानंतर दाजी कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होते. ते नाक आमच्या डोळ्यांदेखत आखूड झालं. एका घोंगडीतून पाच बोटं बाहेर आली, जराशी चुळबुळली, सहा झाली आणि परत आत गेली. आम्ही कुणी कुणाकडं बघितलं नाही. फिल्म संपली तेव्हा ताई तेवढी म्हणाली, 'हिला कलेतलं काय कळतं.'

दाजींनी ट्यूब लावली आणि चहा टाकायला स्वतः आत गेले.

कंपूनं गेल्या वर्षी दसरा चौकात, शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन भरवलं. प्रिंट काढताना व्हायचं ते झालं. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला तो नसतो, त्यामुळं शाईत आलं की झळझळीत निळंही मळतं. दाजींची पन्हाळ्यावरची संध्याकाळ छापून आली ती रात्र होऊन. तरी त्यांनी चित्र लावलं, आणि पहिल्या दिवशी डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क अशा वेषात त्याच्याच शेजारी उभे राहिले. ग्रीक चित्रकार अपेलीझ आपली चित्रं बाहेर मांडून मागं लपून लोकांचं बोलणं ऐकायचा, असं रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय. एकदा चपला करणाऱ्या एकानं चित्रातल्या चपलेची चूक काढली, ती अपेलीझनं दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पायाच्या ठेवणीवर बोलायला लागला, तेव्हा चित्रकारानं बाहेर येऊन त्याला चपलेपुरतंच बोल म्हणून दटावलं. कोल्हापुरात ही गोष्ट सांगितली तर लोक चपलावाल्याची बाजू घेतात.

तर दाजी उभे. एक जोडपं महाराजांपुढं बराच वेळ थांबलं. दाजी सरकत सरकत त्यांच्या पाठीशी आले. 'इथं वारं चांगलं लागतंय,' बाई म्हणाल्या. नंतर एक शाळकरी पोरगं आलं, चित्रापुढं थबकलं आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडलं, 'आई, घोडा हसतोय!'

दाजींचा मास्क हलला. त्या रात्री प्रिंटवाला शटर ओढत असताना दाजी आयपॅड घेऊन दुकानात पोचले. सकाळी दालन उघडलं तेव्हा त्याच फ्रेममध्ये नवा प्रिंट होता, स्वखर्चानं काढलेला, घोड्याचं तोंड मिटलेला. याबद्दल ते कुणाशी अवाक्षर बोलले नाहीत. दुपारी मामा आले. लांबून बघितलं, जवळून बघितलं, तंबाखूची डबी काढली आणि दालनाचा फलक वाचून परत खिशात ठेवली. 'आता घोडा झाला,' म्हणाले.

'झाला म्हणजे काय?' दाजींनी विचारलं.

यंदाही प्रदर्शन त्याच दालनात आहे. दाजींचं चित्र दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला असेल. या वेळी त्यात पंजे आहेत आणि बोटं ताईनं मोजून घेतलेली आहेत. अवश्य या, चष्मा घेऊन या, दोन मिनिटं थांबून नीट बघा. अभिप्रायाची वही टेबलावर ठेवलेली असते, तिच्यात जे वाटेल ते लिहा. नावाखाली फोन नंबर मात्र लिहू नका. दाजी फोन करतात.